उंबऱ्यापेक्षा उंच रस्ता

१० फेब्रुवारी

सासरच्या गल्लीत डोक्यावर हेल्मेट घालून उभं राहायचं म्हणजे काय, हे आज कळलं. ठेकेदार उमाकांत सरांकडे सुपरवायझर म्हणून लागून वर्ष झालं. शहाद्याच्या आसपास बरेच रस्ते केले. पण आमच्याच गल्लीच्या काँक्रीटीकरणाचं काम सरांना मिळालं आणि आज मी स्वतःच्या दारासमोर मोजणीच्या मशीनची तिवई रोवली.

बायका ओट्यांवर जमल्या. “फोटो काढी ऱ्हायनी का वं?” असं दगूबाईंनी विचारलं. त्या गल्लीच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या थोड्या अलीकडे एकट्या राहतात. मुलगी कामिनी सुरतेला दिली आहे. मी त्यांना दुर्बिणीला डोळा लावायला दिला. सांगितलं, यातली आडवी रेघ जिकडे फिरवाल तिकडे एकाच उंचीवर राहते. समोर साइटवरचे मदतनीस भिकनभाऊ आकड्यांची पट्टी उभी धरतात. पट्टीवर कुठला आकडा रेघेत येतो ते बघायचं, की जमीन कुठे उंच आणि कुठे खोल ते कळतं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “भिकन तं उलटा दिसी ऱ्हायना!” उलटा बिलटा काही दिसत नव्हता. पण सगळ्या हसल्या, मीही हसले.

रतिलालकाकांनी माझ्यासाठी खुर्ची पाठवली. ते ग्रामपंचायतीचे सदस्य. त्यांचं एकच म्हणणं, “पोरी, कसंबी करीसन रस्ता लवकर कर. मन्हा धीरजनं लगन शे.” लग्न एप्रिलच्या शेवटी आहे.

शाळेच्या पायरीपासून मोजत नाल्यापर्यंत गेले आणि मोजत परत पायरीवर आले. जातानाच्या आणि येतानाच्या मापांत फरक जेमतेम दोन मिलिमीटर. कोणाला सांगू? घरात कोणाला यातलं काही कळत नाही, म्हणून इथे लिहिते. दोन मिलिमीटर!

जाता जाता प्रत्येक घराच्या उंबऱ्यावरही पट्टी धरायला लावली. ते करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. भिकनभाऊ कंटाळले.

११ फेब्रुवारी

आकडेमोड केली आणि जेवण जाईना.

नवा रस्ता जुन्या रस्त्यावरच ओतायचा आहे. जुना त्याच्या आधीच्या रस्त्यावर ओतलेला आहे, आणि तो खडीच्या रस्त्यावर. प्रत्येक वेळी रस्ता चढत गेला, घरं होती तिथेच राहिली. वरच्या अंगाला काही नाही, तिथे उंच ओटे आहेत. आमच्या दाराला तर पाच पायऱ्या. पण खालच्या नऊ घरांचे उंबरे नव्या रस्त्याच्या खाली जातात. सगळ्यात वाईट दगूबाईंचं. बारा सेंटिमीटर. गेल्या पावसाळ्यातच त्यांच्या घरात गटारीचं पाणी शिरलं होतं. गव्हाची कोठी कुजली होती.

सासूबाईंनी विचारलं, “काय लिखी ऱ्हायनी इतलं?” मी सांगितलं. बाकीच्या आठ घरांचं त्यांनी काही विचारलं नाही. फक्त, “दगूनं कितलं खाले जाई?”

मी बारा सेंटिमीटर म्हटलं. त्यांना ते समजेना म्हणून बोटांनी दाखवलं. त्यांनी स्वतःची वीत ताणून माझ्या बोटांशेजारी धरली आणि उठून गेल्या. जेवल्या नाहीत. पित्त झालं म्हणाल्या.

पित्त कसलं! सासूबाई आणि दगूबाई यांच्यात बोलणं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नाहीत. दगूबाईंचं घर बुडणार हे ऐकूनच पोट भरलं असेल. मला आज सासूबाईंचा फार राग आला.

१३ फेब्रुवारी

सरांना साइटवर आकडे दाखवले. त्यांनी नीट बघितले, हे मान्य करायला हवं. मग कागद घडी करून खिशात ठेवला.

“ममता मॅडम, जुना थर फोडायचं काम अंदाजपत्रकात नाही. मी माझ्या खिशातून फोडू का?”

“मग अंदाजपत्रक बदलून घ्या, सर.”

“आणि तोवर? मजूर सगळे धडगावकडचे. होळीला गेले की पंधरा दिवस येत नाहीत. तुमचं घर तर वर आहे ना?”

“आहे.”

“मग?”

या “मग”ला मला उत्तर सुचलं नाही, त्याचाच त्रास होतोय. सर वाईट माणूस नाहीत. डिप्लोमा हातात घेऊन मी चार ठिकाणी फिरले, साइटवर बाई नको म्हणून सगळ्यांनी हात जोडले. यांनी ठेवून घेतलं. तरीसुद्धा मी ऐकणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझा नवरा भाग्येश नवापूरहून आला. पोल्ट्रीत पक्ष्यांची नवी बॅच आली आहे, त्याचे डोळे झोपेने मिटत होते. मी अर्धा तास बोलले. तो म्हणाला, “तू बरोबर आहेस. पण गल्लीत राहायचं आहे आपल्याला.” म्हणजे नक्की काय करू, ते नाही सांगितलं.

तिन्हीसांजेला कपडे काढायला गच्चीवर गेले तर सासूबाई कठड्याला टेकून खालच्या बाजूला बघत उभ्या. मला बघून एकदम म्हणाल्या, “वारा खाई ऱ्हायनू.” वारा आज कुठे होता? माझ्यावर नजर ठेवायला चढतात, मी खालच्या घरांमध्ये जाते का ते बघायला. बघा म्हणावं. रोज जाईन.

२० फेब्रुवारी

रतिलालकाकांच्या ओट्यावर बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं. मी गेले.

वरच्या अंगाची सगळी माणसं होती. खालून फक्त उदेसिंगदादा आले होते, तेही पायरीवर बसले. रतिलालकाका म्हणाले, काम थांबलं तर निधी परत जाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मी उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. रस्ता सगळ्यांचा आहे तर तो नऊ घरांच्या दारात धरणासारखा का उभा करायचा? जुना थर फोडला तर कोणाचंच काही जात नाही, फक्त काही दिवस जातात.

रतिलालकाका रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. “तू सून शे आमनी. पोरीसारखी शे. पन तुन्हा घरले काय व्हई? काहीच नही. मंग तू काबर मधमा पडी ऱ्हायनी?”

आज उत्तर आलं. म्हटलं, “काका, मोजलं मी. मोजल्यावर माहीत नाही असं कसं म्हणू?”

मी निघायला वळले. उदेसिंगदादा माझ्या आधीच उठून गेले होते. ज्यांच्यासाठी भांडते ते अर्ध्यात उठून जातात.

घरी सासूबाई दारातच. बैठकीत मी काय म्हणाले ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी बोलणी खायला तयार होते. “जेवी ले,” एवढंच म्हणाल्या. ताटात माझ्या आवडीची डुबुकवड्यांची भाजी. गोड बोलून गप्प करायचा हा नवा मार्ग असावा. मी जेवले, पण गप्प बसणार नाही.

२४ फेब्रुवारी

मशीन गेलं. सर स्वतः आले, पेटीत घालून गाडीत ठेवलं. “काही दिवस सुट्टी घ्या, मॅडम. वरून दबाव आहे.” सुट्टी म्हणजे काय ते मला कळतं. हेल्मेटही परत दिलं. त्यांनी ते घेतलं नाही, मग मीच गाडीच्या सीटवर ठेवलं.

गल्लीत पसरलंय की मशीन बिघडलेलं होतं, ममताचे आकडे खोटे. चक्कीवर दळण घेताना एक बाई माझ्यादेखत म्हणाली.

आता खरं लिहिते. रात्रीपासून मलाच शंका येतेय. उंबऱ्यांवर पट्टी धरली तेव्हा भिकनभाऊ कंटाळलेले होते. पट्टी तिरकी धरली असेल तर आकडा जास्त येतो. जाऊन-येऊन दोन मिलिमीटरचा फरक आला तो रस्त्याच्या मापांचा. उंबऱ्यांचं माप मी एकदाच घेतलंय. दगूबाईंचे बारा सेंटिमीटर खरंच बारा आहेत का? एवढ्या लोकांसमोर तोंड वर करून बोलले आणि चूक निघाली तर?

चूक निघाली तर तीही मीच सांगेन. पण आधी पुन्हा मोजणार. कशाने, ते माहीत नाही.

२८ फेब्रुवारी

खाटेवर पारदर्शक नळीचं मोठं वेटोळं ठेवलेलं सापडलं. गवंडी समपातळी बघताना वापरतात तीच. नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकांना पाणी आपोआप एकाच उंचीवर थांबतं. पाण्याला कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या डोक्यात कसं आलं नाही हे!

भाग्येशने पाठवली असणार. फोन केला तर म्हणतो, “कसली नळी?” नाटकी आहे. मी खूप वेळा थँक्यू म्हटलं, तो हसत राहिला.

सासूबाई काल गावात रूपसिंग गवंड्याकडे गेल्या होत्या, न्हाणीघराची फरशी उखडली आहे ती सांगायला. आज खोलीत डोकावल्या तेव्हा मी नळी उलगडत होते. काही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर आज मी चांगलं ऐकवलं असतं.

७ मार्च

रस्त्याच्या दोन्ही कडांना सरांच्या माणसांनी प्रत्येक घरासमोर लोखंडी सळया ठोकल्या. सळईला लाल टेप. टेपेपर्यंत नवा रस्ता येणार. त्यानंतर मजूर गेले. त्यांच्याकडे होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार भरतोय, मग होळी. आता रंगपंचमीपर्यंत काम बंद.

म्हणजे मोजायला मला गल्ली मोकळी मिळाली. आणि लाल टेप त्यांनीच लावून दिली! आता माझे आकडे हवेत कोणाला? नळीचं एक टोक सळईच्या टेपेशी धरायचं, दुसरं टोक दाराच्या चौकटीशी. चौकटीवर पाणी जिथे थांबेल, तिथपर्यंत रस्ता.

९ मार्च, रविवार

आज मोजलं. दुकानांत रंग आलेत, त्यातला गुलाबी रंग पाण्यात मिसळला, लांबून दिसायला.

पहिलं घर उदेसिंगदादांचं. त्यांच्या बायकोने नळीचं टोक धरलं. पाणी उंबऱ्याच्या दोन बोटं खाली थांबलं! माझ्या आकड्यांप्रमाणे ते वर यायला हवं होतं. समोर पंधरा-वीस बायका. रतिलालकाकाही येऊन उभे होते. कोणीतरी खुदकन हसलं.

“चुकलंय,” मी मोठ्याने म्हटलं. “माझं तरी चुकलंय, नाहीतर नळीचं तरी. बघू द्या.” नळी बोटांनी चाचपत गेले. मधे एका वळणात हवेचा बुडबुडा अडकला होता. टिचक्या मारत तो टोकापर्यंत नेला, बाहेर काढला. पुन्हा धरलं. गुलाबी पाणी चौकटीवर चढलं, उंबरा ओलांडून आणखी वर, आणि थांबलं.

मी खडूने रेघ ओढली. उदेसिंगदादा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “आते वर धर नळी. रतिलालभाऊना घरपासून.” आणि टोक त्यांनीच उचललं.

पूर्ण गल्ली झाली. वरच्या घरांमध्ये पाणी खालच्या पायरीच्या वर गेलं नाही. खालच्या नऊही घरांत उंबऱ्याच्या वर. दगूबाईंच्या चौकटीवर मी माप घेतलं. साडेअकरा. भिकनभाऊंनी पट्टी थोडी तिरकी धरली होती तर. म्हणजे माझा आकडा अर्धा सेंटिमीटर खोटा होता. तेही सगळ्यांना सांगितलं.

दगूबाई खडूच्या रेघेवर हात फिरवत म्हणाल्या, “इतलं पानी मन्हा घरमा?” मग मला आत बसवून चहा दिला. पहिल्यांदाच विचारलं मी, सासूबाईंशी काय झालं होतं. म्हणाल्या, त्या आणि सासूबाई एकाच महिन्यात सून होऊन या गल्लीत आल्या, एकाच पाट्यावर वाटायच्या. मग आमचे सासरे चुडामणबाबा निवडणुकीला उभे राहिले आणि दगूबाईंच्या नवऱ्याने दुसऱ्याचा प्रचार केला. बाबा पडले. दोघा माणसांनी बोलणं टाकलं, म्हणून बायकांनीही टाकलं. आता दोघेही वारले. भांडण तेवढं बायकांकडे ठेवून गेले.

“मंग आते बोला ना,” मी म्हटलं.

“ती बोलाले पाहिजे ना आधी,” दगूबाई म्हणाल्या.

ती बोलणार नाही, हे मला माहीत आहे. मी चहा पिऊन उठले.

१५ मार्च

धुळवड झाली, पण चौकटीवरच्या खडूच्या रेघा कोणीही पुसल्या नाहीत. नऊ घरांनी मिळून ठरवलंय: मिक्सर आलं की दारासमोर बसायचं. मी अर्ज लिहून दिला. ग्रामसेवकांनी ठेवून घेतला, पोच दिली नाही. उद्या पुन्हा जाईन.

सासूबाईंनी आज विचारलं, “कोन कोन बसी?” मी नावं सांगितली. “दगूबी बसी? तिना गुडघा दुखतस ना?” बघा कशी बारीक माहिती ठेवतात वैऱ्याची!

२१ मार्च

सकाळपासूनचं सगळं क्रमाने लिहिते.

नऊ वाजता मिक्सर, मागून सर आणि ग्रामसेवक. आम्ही बसलो होतो. ठरलं होतं पंधरा जणांचं, आलो सहा. दोन घरांतल्या सुनांना पुरुषांनी बाहेर पडू दिलं नाही. दगूबाई स्वतःच्या दारासमोर गोणपाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कोणी हललं नाही.

रतिलालकाका आले. या वेळी रागावले होते. “ममता, ऊठ. पोलीस बोलावाले लावू नको.”

“बोलवा,” मी म्हटलं. “त्यांनाही नळी धरायला लावते.”

“तुन्ही सासूले सांगस मी!”

आणि वरून सासूबाई येताना दिसल्या. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची खुर्ची. सगळ्या गल्लीदेखत मला दंडाला धरून नेतील, असं वाटलं. मनात म्हटलं, नेऊ दे, पुन्हा येऊन बसेन.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ दगूबाईंसमोर गेल्या. खुर्ची ठेवली.

“ऊठ. खाले बसू नको, गुडघा धरी.”

दगूबाईंनी वर बघितलं. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या. म्हणाल्या, “आनि तू कोठे बससी?”

“मी अठेच बसस.” आणि सासूबाई गोणपाटावर बसल्या, मिक्सरच्या चाकासमोर. मग रतिलालकाकांना म्हणाल्या, “काय दखी ऱ्हायना भाऊ? पोलीसले फोन कर. पन सांग त्यासले, चुडामण पाटीलनी बायको बठेल शे.”

त्यांच्या मागे वरच्या अंगाच्या बायका आल्या. एक, मग तीन, मग मोजल्याच नाहीत. घरात अडवलेल्या दोन्ही सुनाही. रतिलालकाकांची बायको आमच्यात बसली नाही, पण ओट्यावरून पाण्याचा हंडा पाठवला.

सर माझ्याजवळ आले, उकिडवे बसले. हळूच म्हणाले, “मॅडम, काय करू मी आता?”

“फोडा,” मी म्हटलं.

त्यांनी अर्धा तास फोनवर काढला. मग ड्रायव्हरला हात केला. मिक्सर उलट्या पावली नाल्याकडून गेलं. माल तसाच पडून वाया जाऊ नये म्हणून सरांनी तो दुसऱ्या साइटवर पाठवला.

मला वाटलं होतं, आता घरी आल्यावर तरी सासूबाई काही बोलतील. त्या आल्याच नाहीत. संध्याकाळपर्यंत दगूबाईंकडे होत्या. मला अजून नीट समजलेलं नाही, हे कधी आणि कसं झालं. गल्लीच्या इज्जतीसाठी बसल्या असतील का? की रतिलालकाकांवर जुना राग? विचारलं तर म्हणाल्या, “झोप आते.”

२६ मार्च

ब्रेकर आला. फोडण्याचा खर्च ग्रामपंचायत देणार, असं त्या दिवशी फोनवर ठरलं म्हणे. जुना थर फुटतोय, घरांतली भांडी हादरतायत, आणि कोणी तक्रार करत नाहीये. सरांनी मशीन माझ्याकडे दिलं. “किती खोल फोडायचं त्याची लेव्हल तुम्हीच द्या. नंतर पुन्हा बसायला नको.” मी म्हटलं, देते. पण उंबऱ्यांची मापं कामाच्या कागदात लिहायची आणि खाली तुमची सही. सरांनी कपाळाला हात लावला आणि सही केली.

भिकनभाऊ आता पट्टी इतकी सरळ धरतात की हसू येतं.

९ एप्रिल

रस्ता ओतून झाला. निकाल लिहिते, गोड न करता.

नऊपैकी सात घरांचे उंबरे रस्त्याच्या वर राहिले. दगूबाईंचा चार बोटं वर. नाल्यालगतची शेवटची दोन घरं मात्र रस्त्याच्या बरोबरीतच आहेत. तिथे जुना थर फोडल्यावर खाली पाण्याची पाइपलाइन निघाली, आणखी खाली जाता येईना. त्या दोन दारांसमोर वेगळी गटार हवी. ग्रामसेवक म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, जूनच्या आधी बघू. उदेसिंगदादांचं घर त्या दोनांत आहे. आता ते बैठकीतून उठून जात नाहीत, उलट मलाच बसू देत नाहीत.

सरांकडचं काम सुटलं. त्यांनी काढलं नाही आणि मी सोडलं नाही. नव्या साइटची नावं आली, त्यात माझं नव्हतं. रडू आलं थोडं. मग तोंड धुतलं. कळसाडीच्या एका शेतकऱ्याचा फोन आलाय, उसाच्या वावराचा उतार काढून हवाय. मशीन भाड्याने मिळतं शहाद्यात.

धीरजच्या लग्नाचा मंडप नव्या रस्त्यावर उभा राहणार. पत्रिका आमच्या घरी सगळ्यात आधी आली.

१३ एप्रिल, रविवार

नऊ घरांच्या भिंतींवर आम्ही उंबऱ्याच्या उंचीला तेलरंगाची लाल रेघ ओढली. खाली लिहिलं: रस्ता याच्या खाली. पुढे कोणाचंही सरकार येवो, कोणीही ठेकेदार येवो, आधी ही रेघ वाचावी लागेल.

दुपारी ग्रामसेवकांचा निरोप आला, रेघा पुसून टाका, गावाचं सौंदर्यीकरण चालू आहे. भाग्येश घरीच होता. तो माझ्याकडे बघू लागला. मी चप्पल घालत होते, ग्रामपंचायतीत जाऊन भांडायला.

“काबर जास?” सासूबाई म्हणाल्या. “भिती आपल्या शेत, पंचायतन्या नहीत.”

रंगाचा डबा आणि ब्रश त्यांनीच उचलला. बाहेर जाऊन पाच पायऱ्या उतरल्या. तिथे वाकून आमच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ ओढली. वाकडी आली. त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत आमच्या दारासमोर बसलेल्या दगूबाई म्हणाल्या, “वाकडी शे, कौसा.” सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे वाकडी. पुसानी नही.”

मग ब्रश घेऊन त्या रतिलालकाकांच्या ओट्याकडे निघाल्या.